हवेच्या बोटीला फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर कसा बसवायचा? तातडीने मदत हवी

गळकरी_पुणे:
नमस्कार मंडळी. फिश फाइंडर (आवाजाने पाण्याची खोली आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं मशीन) घेतला आणि डोक्याला ताप झालाय. त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी पकडणारा भाग, बोटीला टिकतच नाही. सोबत आलेला सक्शन कप थोड्या वेळात सुटतो, मग ट्रान्सड्यूसर वायरीला लोंबकळत राहतो. स्क्रीनवर खोली कधी १२ फूट, कधी ३, कधी नुसत्या उभ्या रेघा. कुठला गोंद वापरू तेवढं सांगा. बोटीला भोक पाडायचं नाही. रविवारी उजनीला निघायचंय.

दर्यावर्दी:
बोट कुठली? मोटर आहे की वल्ही? तळ फळ्यांचा की कसला?
गोंदाचं म्हणाल तर बाहेरून लावूच नका. आमच्या मालवणच्या फायबरच्या होडीत मी आतून, तळाला एपॉक्सीत बसवलाय. भोक नाही, काही नाही. कित्येक पावसाळे गेले, जागचा हललेला नाही. आतून लावा आणि मोकळे व्हा.

गळकरी_पुणे:
हवेची बोट आहे, शीर्षकातच लिहिलंय. पीव्हीसीची, चार माणसांची. एपॉक्सी घरात आहेच. आज रात्री लावून टाकू का?

तरंगलांबी:
थांबा, आतून लावू नका! दर्यावर्दींच्या होडीचा तळ भरीव फायबरचा आहे, त्यातून आवाज आरपार जातो. हवेतून जात नाही. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर, हवेत ३४०च्या आसपास. दोन्हींची घनताही कुठल्या कुठे. त्यामुळे जिथे पाणी संपून हवा लागते तिथून जवळपास सगळा आवाज परत फिरतो. मासा स्क्रीनवर दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळेच. इवलीशी पिशवी एवढा प्रतिध्वनी देते, तर तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये फुगवलेला तळ असल्यावर खालचं काय दिसणार?

दर्यावर्दी:
तळ हवेचाच असेल हे तुम्ही कशावरून ठरवलंत? एकपदरी तळाच्या हवेच्या बोटी मी बघितल्यात. त्यात तळाला थोडं पाणी ठेवून ट्रान्सड्यूसर त्या पाण्यात दाबून बसवला की खोली व्यवस्थित येते. अनुभवाचं सांगतोय.

तरंगलांबी:
एकपदरी असेल तर मान्य, मध्ये बुडबुडा अडकला नाही तर. म्हणून तुमचाच प्रश्न पुन्हा विचारतो: गळकरी, तळ कसला आहे?

भीमाकाठचा:
उजनीला कटल्यासाठी येताय ना? मग शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा एकत्र मळा, त्यात थोडा गूळ घाला. गोळा घट्ट हवा, पाण्यात पडल्या पडल्या फुटता कामा नये. चिलापीला गांडूळ. आमच्याकडचे जुने लोक दोरीला शिसं बांधून खोली मोजतात आणि बरोबर जागी बसतात. मशीनवर पैसे घालायची गरज नव्हती.

गळकरी_पुणे:
चाऱ्याचं विचारलं नव्हतं, मशीन घेऊन झालंय. तळ फुगवायचाच आहे. मोटर इलेक्ट्रिक, ट्रोलिंगची (हळू चालणारी छोटी). मागे नळ्यांची चौकट आणि तिच्यावर फळी, तिला ती अडकवतो. पण याचा गोंदाशी काय संबंध?

स्वान_नदीकाठी:
त्या फळीतच तुमचं उत्तर आहे! इतका वेळ सगळे हेच विचारत होते.
मी ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. तिथल्या स्वान नदीत ब्लॅक ब्रीम माशासाठी अशीच बोट वापरतो. गोंद विसरा. सक्शन कपला सपाट, गुळगुळीत, कडक पृष्ठभाग लागतो. बोटीचं कापड खरखरीत, गोलाकार, त्यात ऊन-पाण्याने हवेचा दाब बदलतो की कापड ढिलं पडतं. कप सुटणारच.
भाजी चिरायचा जाड प्लास्टिकचा बोर्ड घ्या, त्यातून हातभर लांब पट्टी कापा. वरचं टोक जी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) मोटरच्या फळीला. खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर, स्टेनलेसच्या बोल्टने आणि विंग नटने. विंग नट यासाठी की किनाऱ्याला लागताना हाताने सैल करून वर उचलता येतो. बोटीला ना भोक ना गोंद, आणि घरी आल्यावर सगळं निघतं.

गळकरी_पुणे:
हे जमेल. खाली किती सोडायचा?

स्वान_नदीकाठी:
माणसं आणि सामान चढवून बोट नेहमीसारखी बसू द्या, मग मापं घ्या. ट्रान्सड्यूसरचा खालचा चेहरा पूर्ण पाण्यात, बोटीच्या तळापेक्षा बोटभर खाली, पाण्याला समांतर. पुढे-मागे कलला तर मासे भलत्याच जागी दिसतात. वायरीला वर थोडी ढील ठेवा.

तरंगलांबी:
आणि मोटरच्या पात्यापासून जेवढा बाजूला नेता येईल तेवढा. पंख्यामागचा बुडबुड्यांचा फेस ट्रान्सड्यूसरखाली आला की खोली उड्या मारते. उभ्या रेघांचं कारण मात्र वेगळं वाटतंय. फिश फाइंडर मोटरच्याच बॅटरीवर चालवताय का?

गळकरी_पुणे:
हो मग, एवढी मोठी बॅटरी असताना दुसरी कशाला?

तरंगलांबी:
मोटरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट त्याच तारांतून विजेचा गोंगाट पाठवतं, तो रेघांसारखा दिसतो. उभ्या जागी मोटर एकदम बंद करा. रेघा गेल्या तर वीज कारणीभूत. मोटर बंद असून बोट वल्ह्याने चालवताना खोली तुटली तर बसवण्यात खोट. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी घ्या. छोट्या स्क्रीनच्या मशीनला अर्ध्या अँपिअरहूनही कमी लागतं, दिवस आरामात निघतो. वायरीही मोटरच्या वायरींपासून लांब न्या.

दर्यावर्दी:
माझं अजूनही मत आहे की कायमचं बसवलेलं ते बसवलेलं. क्लॅम्प लाटेने सैल होतो. वरून सुतळीने बांधा, नाहीतर पट्टीसकट पाण्यात जाईल.

स्वान_नदीकाठी:
सुतळीचं पटलं, मीही बांधतो.

पाणवठा:
अवांतर: उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. पाणी भरलेलं असताना त्याचं शिखर या मशीनवर दिसेल का? कुणी बघितलंय?

तरंगलांबी:
दगड कठीण, दिसायला हवा. पण आवाज खाली शंकूसारखा पसरतो, आणि २०० किलोहर्ट्झचा १५ अंशांचा शंकू २० फुटांवर जेमतेम ५ फूट रुंद जागा बघतो. बरोबर वर पोचावं लागेल. ७७ किलोहर्ट्झचा ४५ अंशांचा असेल तर तेवढ्याच खोलीवर १६ फुटांहून जास्त रुंद जागा येते, पण बारकावे कमी.

भीमाकाठचा:
मंदिर, मशीन सगळं राहू द्या. लाइफ जॅकेट आहेत का? मे २०२४ मध्ये उजनीतच कुगाव ते कळाशी जाणारी बोट वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर वारं इथे अचानक उठतं. तुमची हवेची बोट हलकी, वारं तिला सरळ ढकलत नेतं. जॅकेट बोटीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं. आणि गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारा.

गळकरी_पुणे:
जॅकेट दोन आहेत, आम्ही तिघं. तिसरं उद्या घेतो. बोर्ड कापला, क्लॅम्पही मिळाला. फळी जाड आहे, क्लॅम्पचं तोंड जेमतेम पुरतंय. मधे रबराचा तुकडा घालू की थेट लाकडावर आवळू?

स्वान_नदीकाठी:
रबर घाला, सायकलच्या जुन्या ट्यूबचा. घसरत नाही आणि मोटरची थरथरही कमी पोचते. क्लॅम्पचा दांडा आतल्या बाजूला ठेवा, म्हणजे बोटीत बसूनच आवळता येईल.