मदत हवी आहे: छोट्या बोटीतून समुद्रपक्षी आणि डॉल्फिन, आजच ठरवायचं आहे

गोरेवाडा_सकाळ
नमस्कार. कधीची शोधून राहिली आहे, पण जिथे तिथे तेच डॉल्फिन पॉइंट आणि स्नॉर्कलिंगचं पॅकेज. मला बोटीतून नीट पक्षी पाहायचे आहेत. स्कुआ, शिअरवॉटर, जमलं तर पेट्रेल. डॉल्फिन तर हवेतच. दोन तासांची बोट केली तर हे सगळं दिसतं का? कोणती बोट घ्यावी? रेल्वेचं तिकीट आज काढायचं आहे, उद्या वेटिंग लागेल. ज्यांनी स्वतः पाहिलं आहे त्यांनीच सांगा, प्लीज.

फुटाळाकाठ
कुठे जाताय? कोणता महिना? किती जण?

सावजीप्रेमी
ताई, चिलिकाला जा ना. नागपूरहून पुरीला थेट गाडी आहे. सातपाड्याला बोट मिळते, इरावती डॉल्फिन दिसतात. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. मंगलाजोडीला बदकं किती पाहाल! जगन्नाथाचं दर्शनही होते.

पाणकावळा
चिलिका सुंदरच आहे, पण ते खाऱ्या पाण्याचं सरोवर. तिथे कुरव (गल), सुरय (टर्न), बदकं. ताईंनी विचारलेले शिअरवॉटर आणि पेट्रेल खुल्या समुद्रावर जगतात, जमिनीवर येतात ते घरट्यापुरते. ते चिलिकात शोधण्यात अर्थ नाही.

सावजीप्रेमी
पण डॉल्फिन तर दिसतात ना भाऊ? तेही हवेत म्हणाल्या त्या.

गोरेवाडा_सकाळ
मालवण ठरलं आहे. मेचा शेवटचा आठवडा, कारण तेव्हा माझी शाळा बंद असते. दोघं जण. कृपया बोटीबद्दल सांगा.

देवबागकर
ताई, तिकीट काढू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात पर्यटनाच्या बोटी बंद होतात, त्या सप्टेंबरात सुटतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद. त्या दिवसांत कोणी गुपचूप नेतो म्हणाला तरी बसू नका.

पाणकावळा
वाईट याचंच वाटतं की पावसाळी वारे सुटले की खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्याकडे ढकलले जातात. वादळानंतर दमलेला मास्क्ड बूबी वाळूवर सापडतो. तेव्हा बोट नसली तरी उंच कड्यावरून दुर्बिणीने समुद्र पाहता येतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोन तासांची फायबर बोट किनाऱ्यालगतच फिरते. त्यात हम्पबॅक डॉल्फिन दिसण्याची आशा चांगली, कारण ते उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी राहतात. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर असतो. पर नसलेली गुळगुळीत करडी पाठ क्षणभर वर आली तर तो फिनलेस पॉरपॉईज, डॉल्फिनचाच छोटा नातेवाईक. तो उड्या मारत नाही, म्हणून नावाडीही पुष्कळदा दुर्लक्ष करतात. तुम्ही करू नका. पक्ष्यांत कुरव, मोठे तुरेवाले सुरय, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. स्कुआ सुरयांच्या मागे लागून त्यांच्या चोचीतला मासा पळवतो, त्यामुळे सुरयांचा थवा एकदम सैरभैर झाला की तिकडे पाहा. शिअरवॉटर आणि पेट्रेलसाठी मात्र खूप आत जावं लागतं. आंग्रिया बँक हे समुद्राखालचं प्रवाळाचं पठार किनाऱ्यापासून १०० किमीहून दूर आहे, ते छोट्या बोटीचं काम नाही. निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्सपर्यंत मोठी बोट जाते. तिथे गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. बोटीतूनच पाहा, खडकावर उतरू नका.

टेकडी_रोड
१०x५० दुर्बीण न्या. पेंचला माझी तीच असते, एकदम जबरदस्त.

पाणकावळा
पेंचला जीप थांबते, बोट थांबत नाही. दहापट दुर्बिणीत डुलणारं चित्र दिसेल. ८x४२ किंवा ७x५० न्या.

टेकडी_रोड
सवय झाली की दहापटही हलत नाही. मी मुंबईत रेवसच्या लाँचवरून वापरली आहे.

फुटाळाकाठ
लाँच वेगळी, होडी वेगळी. ताई, दुसरं कोण आहे सोबत? लहान मूल असेल तर लाइफ जॅकेटचं माप आधी विचारा.

गोरेवाडा_सकाळ
बाबा. वय ६८. त्यांनी गोरेवाडा, नवेगाव, पेंच सगळं पायाखाली घातलं आहे, नदीसुरय त्यांना आवाजावरून कळतो. समुद्रावरचा एकही पक्षी पाहिलेला नाही. गुडघे बरे आहेत तोवर मला त्यांना न्यायचंच आहे. मेळघाटात त्यांना गाडी लागते.

देवबागकर
हे पहिल्यांदा सांगायचं ना गे बाय! मग बोटही लागणार. सकाळी सातच्या आत दर्यात जावा. अकरानंतर वारो सुटता, पाणी उसळता.

सावजीप्रेमी
आलेपाक ठेवा तोंडात. आमच्या आईला त्यानेच फरक पडला.

टेकडी_रोड
आलेपाकाने काही होत नाही. बोटीत बसायच्या तासभर आधी अवोमिन द्या.

फुटाळाकाठ
असं परस्पर देऊ नका. अवोमिनने झोप येते, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडते. ६८ व्या वर्षी आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. बोटीत मध्यावर बसवा, नजर क्षितिजावर. दुर्बीण सतत डोळ्याला लावली की जास्त मळमळतं, हे पक्षी पाहणाऱ्यांना आवर्जून सांगावं लागतं.

गोरेवाडा_सकाळ
डॉक्टरांना विचारते. मेचं रद्द. दिवाळीची सुट्टी कशी?

पाणकावळा
उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, समुद्र शांत होत जातो, हिवाळी कुरव येऊ लागतात. लक्ष्मीपूजनाच्या लगेचचे दिवस सोडा, मालवणात पाय ठेवायला जागा नसते.

सावजीप्रेमी
नागपूर-मडगाव स्पेशल तेव्हा चालू असेल तर कुडाळला उतरा, म्हणजे बाबांना घाट लागणार नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तोवर सावकाश ठरवा.

गोरेवाडा_सकाळ
देवबागकर दादा, नावाड्याशी काय बोलून घ्यायचं?

देवबागकर
आदल्या संध्याकाळी जाऊन सांगा: बोट आमची एकट्याची, फेरीची घाई नाही. डॉल्फिन दिसले की मशीन हळू करा, समोर आडवी बोट घालू नका, पिल्लू असेल तर लांब थांबा. पाठलाग केला की ते बुडी मारून जातात, मग कोणालाच दिसत नाहीत. रापण ओढणारे लोक कुठे आहेत तेही विचारा. जाळं किनाऱ्याला आलं की पक्षी तिथेच जमतात, आणि बाबांना बोट लागली तरी ते वाळूवर बसून पाहता येतं.