वेबसाइट दिव्यांगांना वापरता येणं कायद्याने सक्तीचं असावं का?

पाचपाखाडीची सुगरण

नमस्कार. ठाण्यात आमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. मी, जाऊबाई आणि मदतीला चार बायका. वेबसाइट भाच्याने एका तयार साच्यावर करून दिली आहे. परवा घोडबंदर रोडवरून एका गृहस्थांचा फोन आला. ते अंध आहेत. म्हणाले, "तुमच्या चकल्या घ्यायच्या आहेत, पण साइट मला नुसतं 'इमेज, इमेज, बटन, बटन' एवढंच वाचून दाखवते." ऑर्डर मी फोनवरच लिहून घेतली, पण ते मनातून जाईना.

भाचा म्हणतो, सगळं नीट करायचं तर खर्च आहे आणि आपल्याकडे तसा कायदाही नाही. जाऊबाई म्हणतात, कायदा हवाच, त्याशिवाय कोणी हलणार नाही. तुम्हाला काय वाटतं? आमच्यासारख्या छोट्यांवरही सक्ती असावी का?

नेरूळकर

माझा सक्तीला विरोध आहे. अमेरिकेत 1990 चा दिव्यांगांसाठीचा कायदा आहे. त्यात वेबसाइटचं नावही नाही, तरी तिथे वेबसाइटवरून दरवर्षी हजारो दावे लागतात आणि त्यात छोटे दुकानदारही भरडले जातात. ताईंनी फोनवर ऑर्डर घेतली, त्या गृहस्थांना चकल्या मिळाल्या. जे माणुसकीने होतंय त्यात कोर्टकचेरी कशाला?

कोपरखैरणे लोकल

ताई, मी जन्मापासून अंध आहे. कोपरखैरण्यात राहतो, बँकेत नोकरी करतो. ऑफिसात कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि खिशातल्या फोनवर टॉकबॅक, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या या दोन सॉफ्टवेअरचे आवाज दिवसभर कानात असतात. माझं मत विचाराल तर सक्ती हवीच. आणि भाच्याला सांगा, कायदा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, एप्रिल 2017 पासून लागू. त्याचं कलम 46 सरकारी आणि खासगी, दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू होतं: नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सेवा दिव्यांगांना वापरता येईल अशी करा. मोडलं तर कलम 89 खाली पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत आणि पुढच्या वेळी 50 हजार ते 5 लाख दंड. घोडं अडलं ते नियमांत. 2017 च्या नियमांतला 15 वा नियम ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवत होता, त्यांतल्या बऱ्याचशा 'केलं तर बरं' अशा थाटाच्या. राजीव रतुरी या स्वतः दृष्टिहीन असलेल्या गृहस्थांची 2005 पासूनची याचिका होती. तिच्यावर 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान निकष बंधनकारक करायला केंद्राला तीन महिने दिले.

नेरूळकर, माणुसकीबद्दल बोलतो. मागे मला एका खात्याचं केवायसी फोनवरून करायचं होतं. अ‍ॅप म्हणालं, चेहरा गोलात आणा. गोल कुठे आहे, चेहरा डावीकडे गेलाय की उजवीकडे, याबद्दल चकार शब्द नाही. मग डोळे मिचकावायचे होते, पण कधी ते पडद्यावर लिहून येणार. तोवर ओटीपीची मुदत संपलेली. शेवटी आमच्या सेक्टरातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि तिथल्या पोराच्या हातात फोन दिला. पोरगा भला आहे. पण माझा आधार नंबर, जन्मतारीख, खात्यातली शिल्लक आणि ओटीपी, सगळं त्याने मोठ्याने वाचलं. मागे दोन बायका झेरॉक्ससाठी उभ्या होत्या. मी रोज बँकेच्या काउंटरवर लोकांना बजावतो की ओटीपी कोणालाही सांगू नका, आणि मला स्वतःला तो सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

माझी मागणी एवढीच आहे की माझा पासवर्ड मला एकट्यालाच माहीत असावा. कोणी माणुसकीने मदत केली म्हणून ते साधत नाही, कारण मदत करणाऱ्याला आधी तो सांगावाच लागतो. 30 एप्रिल 2025 ला प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर सुप्रीम कोर्टाने 20 निर्देश दिले. एक याचिका अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाईंची, दुसरी अंध वकिलांची. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या हे त्यात आहेच, शिवाय डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं. निकाल वाचताना मला झेरॉक्सच्या दुकानातली ती रांग आठवली.

आणि चांगुलपणा टिकत नाही हो. मी कंपन्यांना ईमेल करत असतो. एखादा इंजिनियर मनावर घेतो, बटणांना नावं देतो, महिनाभर सगळं छान चालतं. मग अ‍ॅपची नवी आवृत्ती येते, तोवर तो इंजिनियर नोकरी सोडून गेलेला असतो आणि बटणं पुन्हा मुकी. नव्या माणसाला ते काम करायला भाग पाडेल असं काहीतरी कागदावर हवं.

ताईंनी फोनवर ऑर्डर घेतली हे उत्तमच केलं. पण उद्या कर्णबधिर गिऱ्हाईक आलं तर त्याने फोन कसा करायचा?

छोट्यांचं म्हणाल तर क्रम लावावा. ज्यांच्यावाचून अडतं ते आधी: बँका, इस्पितळं, तिकिटं, कॉलेजप्रवेश, सरकारी अर्ज. त्यांना सवलत नको. युरोपात जून 2025 पासून असा कायदा लागू झाला. तिथे दहापेक्षा कमी माणसं आणि 20 लाख युरोच्या आत उलाढाल असलेल्या सेवा व्यवसायांना सूट आहे. मी पूर्ण सूट देणार नाही, मुदत देईन. शिवाय ताईंसारख्यांना तयार साचे विकणाऱ्या कंपन्यांना धरेन. साचाच नीट असेल तर ताईंना फक्त मजकूर भरायचा उरतो.

ऐरोलीचा कोडर

वरच्या शेवटच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. मी हेच काम करतो. इमारत बांधतानाच उतार केला तर तो खर्चात जाणवत नाही, नंतर पायऱ्या फोडून केला तर जाणवतो. वेबसाइटचं तेच आहे. पहिल्यापासून पाळण्याचे निकष जगभर एकच आहेत, डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं. 2.2 ही आवृत्ती 2023 ची. उदाहरणार्थ, साध्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा फरक किमान 4.5 ला 1 हवा. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर टाकायची फॅशन तिथेच नापास होते, आणि ती माझ्या आईलाही वाचता येत नाहीत.

ताई, खर्चाआधी एक करा. माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब आणि एंटर वापरून स्वतःच्या साइटवर अर्धा किलो चिवडा मागवून बघा. जिथे अडाल तिथे दुरुस्ती हवी. एनव्हीडीए फुकट मिळतं, तेही लावून ऐका. फक्त 'एक ओळ चिकटवा, साइट आपोआप सुगम्य' अशा जाहिरातींना भुलू नका. असे दावे करणाऱ्या अ‍ॅक्सेसबी या कंपनीला अमेरिकेत 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरावे लागले.

नेरूळकर

ओटीपीचा मुद्दा पटला. बँका आणि सरकारी साइटवर सक्ती असावी हे मान्य. छोट्यांच्या बाबतीत थेट दंड नको, आधी नोटीस आणि दुरुस्तीला वेळ द्यावा, एवढं माझं म्हणणं कायम आहे.

पाचपाखाडीची सुगरण

सगळ्यांचे आभार. टॅब दाबत गेले तर पिनकोडपर्यंत पोचले, पण डिलिव्हरीची तारीख निवडायचं कॅलेंडर काही उघडेना. भाचा रविवारी बसतोय. कोपरखैरण्याचे दादा, साइट नुसतं 'इमेज' वाचते, तर फोटोंच्या वर्णनात नक्की काय लिहू? आणि आमचा दरांचा तक्ता म्हणजे रंगीत फोटो आहे, तो चालेल का?

कोपरखैरणे लोकल

तक्ता साधा टाइप करूनच टाका, फोटोतले आकडे मला मिळत नाहीत. वर्णनात 'फोटो' किंवा 'सुंदर चकली' नको. गिऱ्हाईक दुकानात येऊन डब्याकडे बघतं तेव्हा त्याला जे कळतं ते लिहा: 'भाजणीची चकली, अर्धा किलोचं पाकीट, मध्यम तिखट, वर तीळ'. वजन मराठीतच लिहा. शेंगदाणे कशाकशात आहेत तेही सांगा, माझ्या बायकोला चालत नाहीत. कॅलेंडरच्या जागी तारीख टाइप करायची साधी चौकट ठेवा. रविवारी झालं की इथे कळवा, मी टॉकबॅकवर एक ऑर्डर टाकून बघतो.