मुद्दा पैशाचा नाही

सरकारी पैशावर परदेशात भाषा शिकवणं म्हणजे निव्वळ प्रचार, हे मत बरेच जण मांडतात, मला नाही पटत. जगभर जर्मन शिकवणारी गोएथे इन्स्टिट्यूट १९५१ पासून आहे, पैसा बराचसा जर्मन परराष्ट्र खात्याचा पण कारभार स्वतंत्र, आणि वर्गात घोकायचं काय तर डेअर, डी, दास ही जर्मन नामांची लिंगं, मग ए१ ची म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षा जिच्यावर कुणाचा तरी जर्मनीतल्या नवऱ्याकडे जायचा व्हिसा अडलेला असतो, यात प्रचार कुठे आला? चिनी सरकारच्या पाठिंब्याने चिनी शिकवणाऱ्या कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटचं वेगळं, त्या थेट परक्या विद्यापीठांच्या आवारातच बसवल्या, आणि प्राध्यापकांनी विरोध केल्यावर शिकागो विद्यापीठाने २०१४ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूटचा करार पुढे चालू ठेवायची बोलणी थांबवली. वर्गात काय बोलायचं हे कोण ठरवतं, खरा प्रश्न तो. आणि गोएथेने २०२३ मध्ये फ्रान्समधल्या लील, बोर्डो आणि इटलीतल्या तुरीनची केंद्रं बंद करायचं ठरवलं तेव्हा मला तरी फार वाईट वाटलं.