मदत हवी आहे: अँगल कॉक घट्ट बसला की तोंड आडवं, तोंड वर केलं की भिंतीकडून गळती

निर्झरा

नमस्कार मंडळी. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी बंद-चालू करायचा छोटा नळ, जाम झाला होता, म्हणून बदलून घेतला. तेव्हापासून भिंतीला टेकणाऱ्या वाटीच्या खालून पाणी पाझरतंय. धार नाही. एक थेंब हळूहळू जमतो, फरशीवर पडतो, मग बराच वेळ काहीच नाही. पण रात्री ठेवलेलं फडकं सकाळी पिळावं लागतं. ज्यांनी काम केलं त्यांना परत बोलावलं. त्यांनी कॉक काढून आट्यांवर आणखी टेप (पांढरी टेफ्लॉनची) गुंडाळली, काही दिवस कोरडं राहिलं आणि आता पुन्हा तेच.

अडचण अशी आहे की कॉक घट्ट होतो तेव्हा त्याचं तोंड उजवीकडे आडवं येतं. कनेक्शन पाइप जोडायला तोंड वर हवं. त्यासाठी पाव वेढा उलटा फिरवला की गळायला लागतं. सुलट्या दिशेने वर आणायचं तर अजून पाऊण वेढा फिरवावा लागेल, आणि त्याला इतका जोर लागतो की भिंतीतलं काहीतरी तडकेल असं वाटतं. आतली लाइन सीपीव्हीसीची (प्लॅस्टिकच्या पाइपची) आहे, टोकाला पितळी आट्यांचा एल्बो, म्हणजे काटकोनी जोड.

आई दिवसभर घरी असते. ओल्या फरशीवर तिचा पाय घसरेल याची मला सतत धास्ती वाटते, त्यामुळे हे एकदाचं नीट व्हायला हवंय. हत्यारं घरात आहेत आणि हाताने काम करायची तयारीही आहे. टेप किती गुंडाळायची, कुठल्या दिशेने, आणि उलटं फिरवणं चालतं का, हे कोणी समजावून सांगेल का?

जाता जाता अजून दोन गोष्टी: त्याच बेसिनचं पाणी सावकाश उतरतं आणि अधूनमधून वास येतो. शिवाय फ्लशच्या टाकीत कोणी वापरलेलं नसतानाही मधेच पाणी भरल्याचा आवाज येतो.

जलरेखा

माझ्याकडे असंच व्हायचं. वाटीच्या कडेने एम-सील भरून टाकलं, वरून पांढरं सिमेंट. गळणं थांबलं. एकदा करून बघायला हरकत नाही.

पानापक्कड

जलरेखा, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे कृपया कोणी करू नका. वाटी ही फक्त शोभेची असते, ती पाणी अडवत नाही. तिची कड बुजवली की बाहेर येणारं पाणी आत भिंतीत उतरतं, आणि काही महिन्यांनी पलीकडच्या खोलीचा रंग फुगतो. गळतीचं पाणी डोळ्यांना दिसतंय तोवर निदान ती कुठे आहे हे तरी कळतं. तो रस्ता बंद करायचा नाही.

निर्झराताई, पान्याला हात लावायच्या आधी गळती नेमकी कुठली ते ठरवा. अँगल कॉकला गळायला तीन जागा असतात: भिंतीतले आटे, मूठ ज्यावर फिरते त्या दांड्याभोवतीचं सील आणि वर कनेक्शन पाइपची चकती. पाणी वरून ओघळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या जागेवरून ठिबकतं, म्हणून ठिबकतं तिथेच गळतं असं समजू नये.

सगळं कोरडं पुसून घ्या. टिश्यू पेपरच्या पट्ट्या करून एक वरच्या नटाभोवती, एक दांड्याभोवती आणि एक वाटीच्या मागे गुंडाळा. आता कॉक पूर्ण बंद करून थांबा. बंद असतानाही वाटीमागची पट्टी भिजली तर दोष भिंतीकडच्या आट्यांत आहे किंवा त्याच्याही मागे, कारण त्या भागावर पाण्याचा दाब कायम असतो. बंद असताना कोरडं आणि उघडल्यावरच ओलं, असं असेल तर भिंतीचा काही संबंध नाही, वरची चकती किंवा दांड्याचं सील बघायचं. या एवढ्या परीक्षेने अर्धी विनाकारण खोलाखोली वाचते.

कौलारू

टेपबद्दल मी लिहितो. आट्यांचं टोक स्वतःकडे धरायचं आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची. म्हणजे कॉक आत फिरताना टेप आवळत जाते. उलटी गुंडाळली तर ती मागे सरकून गोळा होते आणि वाटीपाशी पांढऱ्या चिंध्या दिसायला लागतात. तशा चिंध्या दिसल्या तर तो जोड पुन्हाच करावा लागतो.

टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा पाण्याच्या वाटेत लोंबतो आणि पुढे नळाच्या जाळीत जाऊन बसतो. टेप ताणून गुंडाळा, आट्यांची नक्षी वरून दिसली पाहिजे. बहुतेक अँगल कॉकचे आटे सरळ असतात, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपसारखे टोकाकडे निमुळते नसतात. सरळ आटे कितीही फिरवले तरी आपोआप आवळत नाहीत, मधली फट टेपनेच भरावी लागते. म्हणून नेहमीच्या पातळ पांढऱ्या टेपचे चार-पाच वेढे इथे पुरत नाहीत, १० ते १५ लागतात. खूण अशी की कॉक हाताने एक-दोन वेढे सहज जावा आणि मग पाना मागावा. हातानेच शेवटपर्यंत गेला तर टेप कमी झाली.

जुनी टेप मात्र पूर्ण काढा. कॉकवरची तर काढाच, एल्बोच्या आतल्या आट्यांतलीही जुन्या टूथब्रशने खरवडून काढा. जुन्यावर नवी गुंडाळलेला जोड मला आजवर टिकलेला दिसला नाही.

आणि उलटं फिरवणं टेपला अजिबात चालत नाही. टेप एकदा दाबली गेली की परत फुगत नाही, मागे घेतलं की फट राहते. फिरवून तोंड योग्य जागेच्या पुढे गेलं तर सरळ बाहेर काढायचा, टेप बदलायची आणि वेढे एक-दोन कमी-जास्त करून पुन्हा बसवायचा. यात कंटाळा केला की गळतंच.

शेवाळ

टेपऐवजी आटे सील करायचा नायलॉनचा धागा मिळतो, तो बघा. छोट्या डबीत असतो, सिलिकॉनमध्ये भिजवलेला. धातूच्या आट्यांवर फार चांगला बसतो आणि तोंड जुळवायला थोडं मागे घेतलं तरी पकड सोडत नाही. पूर्वी ताग आणि सफेदा लावायचे तेही याचसाठी. पण पूर्ण प्लॅस्टिकच्या आट्यांत ताग कोंबू नका, फुगून सॉकेट तडकवू शकतो. तुमच्या एल्बोला पितळी आटे आहेत, त्यामुळे धागा चालेल.

निर्झरा

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्ट्यांची परीक्षा केली. कॉक पूर्ण बंद असतानाही फक्त वाटीमागची पट्टी भिजली, बाकीच्या दोन्ही कोरड्या. म्हणजे भिंतीकडचेच आटे ना? की एल्बोच तडकला असेल? तसं असेल तर टाइल फोडावी लागेल, म्हणून पोटात गोळा आलाय.

पानापक्कड

टाइल फोडायची घाई नको. टाकीकडून येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, एखादा नळ उघडून लाइन रिकामी करा आणि कॉक काढा. मग दोन गोष्टी करा.

एक, कॉकच्या जागी टेप लावून प्लग बसवा, म्हणजे नळ लावायच्या आधी पाइपाच्या तोंडाला लावतात तो. पाणी सुरू करून कोरडा कागद आत खोचून ठेवा. प्लगच्या कडेनेही कोरडं आणि मागेही कोरडं राहिलं तर एल्बो शाबूत आहे. प्लगचा जोड कोरडा असूनही मागून ओल आली तर मात्र एल्बो किंवा त्यामागचा पाइप चिकटवायच्या सॉल्व्हंट सिमेंटचा जोड गेला, आणि ते काम जाणत्याकडूनच करून घ्या.

दोन, कॉक टेपशिवाय, वाटीसकट, नुसता हाताने आत फिरवा आणि तो अडेपर्यंत किती वेढे जातो ते मोजा. अर्ध्या इंचाच्या आट्याला एका इंचात १४ आटे असतात, म्हणजे एका पूर्ण वेढ्याला कॉक साधारण १.८ मिमी आत जातो. निदान पाच वेढे तरी आत जायला हवेत, म्हणजे ९ मिमीची पकड मिळते. किती होतात ते सांगा.

निर्झरा

प्लग लावून रात्रभर ठेवला. कागद पूर्ण कोरडा! एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. आता वेढ्यांचं: टेपशिवाय कॉक जेमतेम तीन वेढे जातो आणि मग वाटी टाइलला टेकून अडते. वाटी काढून बघितलं तर एल्बोचं तोंड टाइलच्या पृष्ठभागापासून बरंच आत आहे. पट्टीने मोजलं, १४ मिमी.

पानापक्कड

सापडलं. तुम्हाला जो घट्टपणा जाणवत होता तो आट्यांचा नव्हता, वाटी टाइलवर दाबली जात होती त्याचा होता. आत तीनच वेढ्यांची पकड, त्यामुळे टेप कितीही गुंडाळली तरी तिला धरायला जागाच नाही. आणि पाऊण वेढा पुढे रेटायचा जोर सगळा टाइलवर आणि एल्बोवर गेला असता. तुम्ही तो लावला नाहीत हे फार उत्तम केलंत.

यावर उपाय एक्स्टेन्शन निपल. पितळी तुकडा असतो, एका बाजूला बाहेरून आटे, दुसऱ्या बाजूला आतून. वेगवेगळ्या लांबीचे मिळतात. तुमच्या मापाला असा निवडा की आटे एल्बोत गेल्यावर त्याचं तोंड टाइलच्या पृष्ठभागापासून एखाद-दोन मिमी आतच राहील. बाहेर आलं तर वाटी टेकणार नाही. दुकानात माप सांगताना घोटाळा होतो, म्हणून हे लक्षात ठेवा: 'अर्धा इंच' म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास नव्हे. पट्टी लावली तर तो सुमारे २१ मिमी भरतो. जुना कॉकच बरोबर न्या, सगळ्यात सोपं.

निपल आधी एल्बोत, टेप किंवा धागा लावून. त्याला तोंड कुठे यावं ही अट नसते, त्यामुळे हवा तितकाच घट्ट करता येतो. काही निपलना आतून षटकोनी खाच असते, त्यात अ‍ॅलन की घालून फिरवा. बाहेरून पक्कड लावली तर आटे चेपतात. त्यानंतर कॉक निपलमध्ये. आता पकड पूर्ण मिळेल, आणि तोंड वर येईपर्यंतचा पाव-अर्धा वेढा टेपच्या वेढ्यांनी जुळवता येईल. कॉकचं क्रोम खरवडू नये म्हणून पान्याखाली जाड फडकं घ्या.

कौलारू

एक राहिलं. कनेक्शन पाइपच्या नटाला टेप लावू नका. तिथे रबरी चकती पाणी अडवते, आट्यांचं काम फक्त चकती दाबायचं. हाताने घट्ट, मग पान्याने पाव वेढा, बस. जास्त आवळलं तर चकती कापली जाते आणि तिथून नवीन गळती.

निर्झरा

झालं! निपल बसला, कॉकचं तोंड दुसऱ्या प्रयत्नात बरोबर वर आलं. फडकं दोन रात्री कोरडं. पानापक्कड, कौलारू, शेवाळ, तुम्ही तिघांनी ज्या मायेने समजावलंत त्याला तोड नाही. आईने तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत.

आता बेसिनचा वास आणि फ्लश, तेवढं सांगा.

शेवाळ

बेसिनखाली बाटलीसारखा ट्रॅप असेल, म्हणजे थोडं पाणी साठवून गटाराची हवा अडवणारा भाग. खाली बादली ठेवून त्याची खालची वाटी हाताने उघडा. केस आणि साबणाचा लगदा निघेल, पाणी त्यामुळेच सावकाश उतरतं आणि वासही बहुतेक त्याचाच. परत लावताना आतलं रबरी रिंग जागेवर बसलंय का ते बघा. अ‍ॅसिड ओतू नका, आणि अ‍ॅसिड व ब्लीच तर चुकूनही एकत्र नको, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. साफ करूनही वास राहिला तर नहाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतून बघा. जो ट्रॅप वापरात नसतो त्यातलं पाणी सुकतं आणि गटाराची हवा वर येते.

जलरेखा

फ्लशचं मला माहीत आहे. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबर गेलंय, आणि पातळी खाली गेली की टाकी स्वतःहून भरते, तोच तो आवाज. बदलायच्या आधी रबर आणि त्याची बैठक नुसती पुसून बघा, कधीकधी क्षारांचा थर असतो आणि तेवढ्यानेच भागतं. रंग उतरला नाही तर पाण्याची पातळी बघा. मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीत पाणी सांडत असेल तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली करा, पातळी नळीच्या तोंडापासून साधारण एक इंच खाली राहायला हवी.