रत्नागिरीच्या कारखान्याचा फोन टीम्सवर: सगळं ऑपरेटरकडे सोपवावं की फोन लाइन आणि टीम्स जोडणारी पेटी (एसबीसी) आपल्या हातात ठेवावी?

आंबाकाजू_रत्नागिरी

माझं मत आधीच सांगतो, मग हवं तेवढं भांडा. कोकणातल्या मध्यम धंद्याला मायक्रोसॉफ्ट टीम्सवर बाहेरचे फोन घ्यायचे-लावायचे असतील तर ऑपरेटर कनेक्ट घ्यावं, म्हणजे जोडणी फोन कंपनीकडे. डायरेक्ट राउटिंगच्या, म्हणजे ती स्वतः सांभाळण्याच्या, वाटेला जाऊ नये.

आमचा काजू आणि आंबा पल्पचा कारखाना मिरजोळे एमआयडीसीत आहे, वाशीला मार्केटजवळ ऑफिस, देवगडला खरेदी केंद्र. माणसं ४२. निरोप आणि मीटिंगा टीम्सवर कधीच गेल्या, फोन मात्र जुनाच राहिला. रत्नागिरीत ईपीएबीएक्स (ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) आणि चार लाइनी, वाशीचं वेगळं, देवगडला दोन मोबाइल. व्यापाऱ्याने रत्नागिरीला फोन केला आणि त्याला देवगडचा माणूस हवा असला की आम्ही म्हणतो, "दुसऱ्या नंबरवर लावा." मार्च ते मे या तीन महिन्यांत तो दुसऱ्या नंबरवर लावत नाही, दुसऱ्या बागायतदाराला लावतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कॉलिंग प्लॅन भारतात मिळत नाही. ऑपरेटर कनेक्टमध्ये फोन कंपनीच मायक्रोसॉफ्टशी जोडणी करून ती सांभाळते. नंबर थेट टीम्सच्या अ‍ॅडमिन सेंटरमध्ये दिसतात, आपण फक्त माणसाला नंबर द्यायचा. भारतात एअरटेलने २०२३ मध्ये आणि टाटा कम्युनिकेशन्सने २०२४ मध्ये ही सेवा जाहीर केली. डायरेक्ट राउटिंगमध्ये एसबीसी नावाची पेटी आपण घ्यायची, एका बाजूला कंपनीची सिप ट्रंक (नेटवर्कवरून येणारी फोन लाइन), दुसऱ्या बाजूला टीम्स, आणि मधलं सगळं आपल्या डोक्यावर. टीम्स फोनचं लायसन्स माणशी दोन्हीकडे लागतंच, हे कोटेशन बघताना बरेच जण विसरतात.

वाशीच्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वी आम्ही डायरेक्ट राउटिंग करून पाहिलं होतं. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी एसबीसीच्या सर्टिफिकेटची, म्हणजे पेटीची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची, मुदत संपली. टीम्सने जोडणी नाकारली, फोन एकजात मुके. ज्या पोराने ते बसवलं होतं तो नोकरी बदलून पुण्याला गेलेला. दुपारी अडीचला फोन सुरू झाले, तोवर मुहूर्ताच्या आंबापेट्यांचा सौदा उरकला होता. आपल्या गावात असं काम जाणणारा माणूस तयार होतो आणि निघून जातो, हे मान्य करूनच यंत्रणा निवडायला हवी.

सर्व्हरखोली

दादा, सर्टिफिकेट संपलं हा डायरेक्ट राउटिंगचा दोष नाही, तारीख कुणी लिहून ठेवली नाही याचा आहे. त्यासाठी अख्खा मार्ग सोडून देणं मला पटत नाही.

मी दापोलीचा, अठरा वर्षं नेटवर्कचं काम करतोय. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर किती वेळा तोडली हे मला सांगायला नको. ऑपरेटर कनेक्टमध्ये तुमचा आवाज आधी इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टकडे जातो, तिथून फोन कंपनीकडे. नेट गेलं की टेबलावरचा फोन गेला. डायरेक्ट राउटिंगमध्ये सर्व्हायव्हेबल ब्रांच अप्लायन्स बसवता येतं. नेट पूर्ण गेलं तरी ऑफिसातली माणसं टीम्समधूनच एसबीसीमार्फत स्थानिक लाइनवर फोन लावू शकतात. ऑपरेटर कनेक्टला ही सोय नाही.

वेगाची काळजी करू नका. एका कॉलला साधारण १०० केबीपीएस धरा, दहा कॉल एकदम झाले तरी १ एमबीपीएस. कोकणात नेट कमी पडत नाही, ते तुटतं. आणि तुटण्यावरचं औषध तुम्ही नको म्हणताय.

वाशिष्ठीकाठ

तुमचं औषध ज्या खोलीत ठेवलंय ती खोली कुठे आहे, ते सांगा.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा आमचं ईपीएबीएक्स, यूपीएस आणि स्विच तळमजल्यावर होते. पाणी छातीपर्यंत. चिखल काढायलाच आठवडे गेले. त्या दिवशी पेटी कितीही चांगली असती तरी चिखलातच गेली असती. गिऱ्हाइकं फोन लावत होती, आणि आम्ही जिवंत आहोत की नाही हे सांगायलासुद्धा आमचा नंबर वाजत नव्हता.

ऑपरेटर कनेक्टवर नंबर इमारतीत नसतो. पूर आला, तर वाशीत बसलेली मुलगी पाच मिनिटांत चिपळूणचे कॉल स्वतःकडे वळवू शकते. ज्याने ती चार रात्री काढल्यात त्याला याची किंमत कळते. मी आंबाकाजूंच्या बाजूने.

सर्व्हरखोली

पुराचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पेटी पहिल्या मजल्यावर न्या एवढंच म्हणेन. कॉल वळवणं मात्र डायरेक्ट राउटिंगमध्येही जमतं, एसबीसी डेटा सेंटरमध्ये ठेवला तर. फक्त मग नेट गेल्यावर स्थानिक लाइनचा जो फायदा मी सांगितला तो उरत नाही, हेही कबूल करतो.

पण निसर्ग वादळ आठवा, ३ जून २०२०. आमच्याकडे मंडणगड-दापोलीत कितीतरी दिवस वीज नव्हती, टॉवरचं डिझेल संपलं. मोबाइलवरचं टीम्स अ‍ॅपही तेव्हा कामाचं नव्हतं. क्लाउडवरचा नंबर वाशीत वाजेल, बरोबर. कारखान्यातल्या माणसाला बाहेर बोलायचं असेल तर काय?

मालवणी_न्याहारी

माका वाटता तुम्ही दोघंय लय मोठा करून बघतास. माझी सात खोल्यांची राहण्या-जेवणाची सोय, एक मोबाइल, एक व्हॉट्सअ‍ॅप. पाहुणो येता, जेवता, जाता. ह्या पेटीचो आणि लायसन्सचो खर्च कित्याक?

आंबाकाजू_रत्नागिरी

भाऊ, सात खोल्यांना तुमचंच बरोबर आहे, यातलं काही घेऊ नका. आमच्याकडे देवगडचा खरेदीवाला नोकरी सोडून गेला, त्याचा मोबाइल नंबर त्याच्याबरोबर गेला आणि त्या नंबरवर येणारे बागायतदारही. धंद्याचा नंबर धंद्याच्या नावावर हवा, म्हणून हा खटाटोप.

सर्व्हरखोली, वादळात कारखान्यातल्या माणसाने कसं बोलायचं याला माझ्याकडेही उत्तर नाही. तसं झालं तर कारखाना बंदच असतो. गिऱ्हाइकाला कुणीतरी उत्तर द्यायला हवं, एवढीच माझी अपेक्षा आहे, आणि ते वाशीहून देता येईल.

हिशेबाची_वही

तुम्ही सगळे यंत्राबद्दल बोलताय, नंबरबद्दल कुणीच बोलत नाही. मी रत्नागिरीतच एका निर्यातदाराकडे हिशेब बघते.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. लँडलाइनला ती नाही. तुमचा रत्नागिरीचा ०२३५२ चा नंबर ज्या कंपनीचा आहे तिच्याकडेच राहणार. ऑपरेटर कनेक्ट दुसऱ्या कंपनीकडून घेतलंत की नवे नंबर घ्यावे लागणार, आणि ती कंपनी ०२३५२ चे नंबर देते का, देवगडला ०२३६४ चे देते का, हे विचारलंत का? आमच्याकडे आलेला विक्रेता तासभर सादरीकरण करून शेवटी म्हणाला, "नंबर ०२२ चे मिळतील." आमच्या साहेबांनी तिथेच थांबवलं. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर पेटीवर रत्नागिरीचा पत्ता आणि रत्नागिरीचाच कोड असणं याला गिऱ्हाईक फार बघतं. कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला जातो तेव्हा माणूस पेटीवरचा नंबर लावूनच खात्री करतो.

सर्व्हरखोली

ताई, लाख बोललात. आणि इथेच डायरेक्ट राउटिंग जिंकतं. जुन्या चार लाइनी गेटवेला (साध्या लाइनी एसबीसीला जोडणाऱ्या यंत्राला) जोडा, किंवा त्याच कंपनीची पीआरआय, म्हणजे अनेक कॉल वाहणारी डिजिटल लाइन, घ्या, एकीवर ३० कॉल चालतात. जुना नंबर टीम्सवर वाजतो, कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

एक इशारा मात्र देतो. वाशीच्या माणसाचा कॉल इंटरनेटवरून रत्नागिरीला आणून तिथल्या लाइनवर सोडायचा, म्हणजे एसटीडी वाचवायची, हे आपल्या नियमात बसत नाही. त्याला टोल बायपास म्हणतात. डायरेक्ट राउटिंगमध्ये त्यासाठी टीम्समध्ये लोकेशन बेस्ड राउटिंग (माणूस कुठे बसलाय ते बघून कॉल सोडायचा की अडवायचा हे ठरवणारी सेटिंग) नीट लावावं लागतं, ठिकाण आणि आयपी पत्त्यांसकट. २०२० आणि २०२१ मध्ये कॉल सेंटरवाल्यांचे नियम बरेच सैल झाले, म्हणून हेही सुटलं असं समजू नका.

आंबाकाजू_रत्नागिरी

हिशेबाची_वही ताई, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. काल दोन ठिकाणी विचारला. एकाने ०२२ च सांगितलं. दुसऱ्याने रत्नागिरीचे नंबर देतो म्हटलं, देवगडचे नाही. लेखी मागितलंय.

सर्व्हरखोली, टोल बायपासचं तुम्ही सांगितलंत त्याने माझं मत उलट पक्कं झालं. ठिकाणं आणि आयपी पत्ते चुकीचे लागले तर जाब मला द्यावा लागणार, आणि ते तपासणारा माणूस माझ्याकडे नाही. परवाना असलेल्या कंपनीकडून मी एवढंच लेखी घेईन की भारतातले नियम पाळण्याची जोडणी तिची जबाबदारी.

पण जुना नंबर सोडणार नाही, एवढं बदललं. रत्नागिरीच्या चारपैकी दोन लाइनी ठेवतो. त्यातली छापलेली नव्या नंबरवर फॉरवर्ड करतो, प्रत्येक कॉलचे पैसे पडले तरी चालतील. दुसरीवर साधा फोन, गोदामाच्या वरच्या मजल्यावर, नेट गेल्यावर बाहेर बोलायला. देवगडला सध्या कंपनीच्या नावावरचं सिम. एसबीसीची पेटी घेत नाही.

सर्व्हरखोली

वरच्या मजल्यावरचा साधा फोन म्हणजे माझं अर्धं म्हणणं मान्य केलंत. उरलेल्या अर्ध्यावर मी अजून ठाम आहे. पाच वर्षांनी त्या कंपनीने दर वाढवले की नवे नंबर सोडून तुम्हाला हलता येणार नाही. करार तीन वर्षांचा मागतील, एका वर्षाचा करा.

हिशेबाची_वही

आणि फॉरवर्ड आधी पावसात चालवून बघा, आत्ता कोरड्यात नको. आंब्याच्या पेट्यांच्या छपाईची ऑर्डर डिसेंबरात जाते. यंदाच्या पेटीवर दोन्ही नंबर छापा, जुना वर, नवा खाली.