'व्हावी'चं 'होते' करणं याला भाषा सुधारणं म्हणतात का?

दौतटाक
संपादक अक्षरजुळणी यांनी काल या चर्चापानावर लिहिलं की आपल्या ज्ञानकोशातला लेख तपासणाऱ्याने भाषा बघावी, आशय ही मूळ लेखकाची जबाबदारी. 'भारतातील शालेय अभ्यासक्रम सुधारणा' हा लेख त्यांनी दोन दिवसांत स्वच्छ केलाय, आता कुणी कीस पाडू नये. मी पाडणार आहे. रात्री जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि झोप उडाली.

मूळ वाक्य असं होतं: 'राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, अशी शिफारस कोठारी आयोगाने (१९६४-६६) केली.' आता ते असं झालंय: 'कोठारी आयोगापासून राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च होते.' वाक्य आटोपशीर झालं, पण खोटं झालं. हे ६ टक्के १९६८ च्या धोरणात आले, १९८६ च्या धोरणात आले, २०२० च्या धोरणातही आले. गाठले असते तर दर वेळी नव्याने कशाला लिहावे लागले असते?

यशपाल समितीचंही तेच. १९९३ च्या त्या अहवालाबद्दल लेखात आता 'दप्तराचे वजन कमी करण्यासाठीची समिती' एवढंच उरलंय. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त घातक आहे, हा तर त्या अहवालाचा गाभा! तेच वाक्य 'पुनरुक्ती' म्हणून उडवलंत.

शिफारस झाली, मग धोरण आलं, मग आराखडा, मग पुस्तक, आणि शेवटी वर्ग. गाडं यातल्या कुठल्या पायरीवर अडलं ते सांगण्यासाठीच असा लेख लिहायचा असतो. तुमच्या आवृत्तीत सगळं आपोआप झालेलं दिसतं.

अक्षरजुळणी
तुम्ही जुनी आवृत्ती खरंच पूर्ण वाचलीत? पहिल्या परिच्छेदात एकच वाक्य अकरा ओळी चाललं होतं, कर्ता वर आणि क्रियापद तळाशी. 'अभ्यासक्रम', 'पाठ्यक्रम', 'पाठ्यपुस्तक' हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरलेले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचं नाव चार ठिकाणी चार प्रकारे. डी.एड.ची मुलं हा लेख उघडतात आणि दुसऱ्या ओळीला बंद करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. न वाचला जाणारा अचूक लेख कुणाच्या उपयोगाचा? रात्री जागून फुकट काम करणाऱ्याच्या मानगुटीवर बसायला मात्र सगळे हजर.

पंचगंगा
कोठारी आयोगावर एवढा मोठा विभाग आहे आणि जे. पी. नाईकांचं नाव नाही. आयोगाचे सदस्य-सचिव होते ते. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा माणूस. मराठी ज्ञानकोशाने त्यांना विसरावं? हे आधी घाला, मग अनुस्वारांवर भांडा.

तिसरी-ब
मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझ्या मते दौतटाक यांनी मोठ्या चुका सोडून दिल्यात. लेखात लिहिलंय, 'शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंतच्या परीक्षा बंद झाल्या.' कुठे बंद झाल्या? कायदा २०१० मध्ये लागू झाला तेव्हा मुलांना त्याच वर्गात मागे ठेवणं बंद झालं. मूल्यमापन चालूच राहिलं, आकारिकही (वर्षभर वर्गात चालणारं) आणि संकलितही (सत्राच्या शेवटी होणारं). प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिता लिहिता माझं बोट सुजायचं. आमचं ते सगळं काम 'परीक्षा बंद' या दोन शब्दांत पुसलं गेलं. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीचा निर्णय राज्यांवर सोपवला, त्याचा तर उल्लेखही नाही.

आणि हे आणखी एक: '२०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या पुस्तकात जुने संख्यावाचन रद्द करण्यात आले.' साफ चूक. बालभारतीच्या त्या पुस्तकात 'सत्तावीस' होतं आणि 'वीस सात'ही होतं.

माळरान
रद्दच करायचं होतं! आज दोन्ही, उद्या एकच. 'वीस सात' ही काय भाषा झाली? माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं, पण पावकी-निमकी तोंडपाठ होती. एकवीस, बावीस, तेवीस ही नुसती नावं नाहीत, त्यांना ठेका आहे. तो ठेका मोडून तुम्ही पोरांना काय दिलंत?

तिसरी-ब
माळरान, तुम्ही कधी सात वर्षांच्या मुलाला 'त्रेपन्न' लिहायला सांगितलंय? मी पंचवीस वर्षं सांगतेय. मूल आधी 'त्रे' ऐकतं, म्हणून आधी ३ काढतं, मग ५. पाटीवर ३५. 'एकोणतीस' म्हटलं की तीस ऐकून सरळ ३ पासून सुरुवात. आमच्या वर्गात एक मुलगी होती. ती आकडा लिहायची, माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि मी काही बोलायच्या आत पुसून टाकायची. 'पन्नास तीन' म्हटल्यावर तिने न पुसता ५३ लिहिलं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर हेच सांगत होत्या. जोडाक्षरं धड न येणाऱ्या मुलाला 'त्र्याण्णव' वाचायला लावून आपण गणित तपासतो की वाचन?

माळरान
एका मुलीवरून महाराष्ट्राची भाषा बदलायची? आम्हीही त्याच शाळांतून आलो, त्र्याण्णव म्हणायला शिकलो. अडखळलो, मार खाल्ला, शिकलो.

तिसरी-ब
मार खाऊन शिकलात, हे तुम्ही अभिमानाने सांगताय? जे नाही शिकले ते आज इथे लिहायला नाहीत. माझ्या वर्गातून ते चौथीनंतर गेले.

माळरान
मार चांगला होता असं मी म्हटलं नाही. शब्द माझ्या तोंडात घालू नका. माझं म्हणणं एवढंच की घरी आजोबा 'त्रेपन्न' म्हणणार, दुकानदार 'त्रेपन्न' म्हणणार आणि शाळा वेगळंच. मुलाने कुणाचं ऐकायचं?

तिसरी-ब
ते खरं आहे. म्हणून तर पुस्तकात दोन्ही होतं. मीही दुसऱ्या सहामाहीत 'त्रेपन्न'वर आणतेच. पण पहिली पायरी म्हणून 'पन्नास तीन' मी सोडणार नाही, विधानसभेत कितीही आरडाओरडा झाला तरी.

दौतटाक
तुमचं भांडण चालू द्या, पण लेखातलं वाक्य बघा. 'दोन रीती दिल्या' याचं 'जुनी रद्द करण्यात आली' झालं, म्हणजे 'व्हावी'चं 'होते' झालं तोच प्रकार. अक्षरजुळणी, हे वाक्य मूळचं की तुमचं?

अक्षरजुळणी
लेखाचा संपादन-इतिहास तपासला. मूळ वाक्य: 'जुन्या वाचनासोबत नवे वाचन देण्यात आले, त्यावर जुने रद्द केल्याची टीका झाली.' मी दोन वाक्यांचं एक केलं, त्यात टीकाच वस्तुस्थिती बनली. चूक माझी. ६ टक्क्यांचं वाक्यही माझंच, तीही चूक. दोन्ही परत फिरवली, यशपाल समितीचं उडवलेलं वाक्य मूळ जागी ठेवलं, नाईकांचं नाव घातलं. परीक्षांचं वाक्य मूळ लेखकाचं आहे, पण मी ते वाचूनही तसंच जाऊ दिलं. तिसरी-ब, ते तुम्हीच नीट लिहा, आकारिक-संकलितसकट. अकरा ओळींचं वाक्य मात्र परत येणार नाही. त्याची तीन वाक्यं केलीत आणि तशीच राहतील.

दौतटाक
तीन वाक्यांना हरकत नाही. ती बरी आहेत. पण दुसऱ्या वाक्यात '१९८६ च्या धोरणाने देशभर समान गाभाघटक रुजवले' असं आहे, म्हणजे सगळीकडच्या अभ्यासक्रमात असायलाच हवेत असे घटक. 'रुजवले' काढा. धोरणाने ठरवले. रुजले की नाही, ते तिसरी-ब यांना विचारा.

तिसरी-ब
परीक्षांचा परिच्छेद रविवारी लिहून देते, शनिवारी आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद आहे. 'रुजवले' तोवर काढून ठेवा.

माळरान
आणि संख्यावाचनाच्या वाक्यात 'टीका झाली' एवढंच नको. टीका का झाली तेही येऊ द्या. मी लिहून देतो.