रांगडे स्लॅब-सेरिफ आणि शेजारची देवनागरी

भाजणीवाली, इंदूर
नमस्कार मंडळी. राजवाड्याजवळच्या आमच्या घरगुती पदार्थांच्या दुकानासाठी नवी लेबले करायची आहेत. खाकी कागदी पिशवीवर वर मराठीत 'थालीपीठ भाजणी', 'शेंगदाणा चटणी' आणि खाली तेच नाव रोमन लिपीत, अशी मांडणी ठरली आहे. रोमनसाठी जाड चौकोनी पायांचे, खडबडीत कडांचे स्लॅब-सेरिफ वळण मला फार आवडले आहे. मात्र त्याच्याशेजारी देवनागरी फिकी पडते. देवनागरीलाही तसेच पाय काढून घ्यावेत का? घटकांची बारीक यादी याच वळणात चालेल का?

जुना जुळारी, ग्वाल्हेर
ताई, यादीसाठी हे वळण मुळीच वापरू नका. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये ही अक्षरे जाहिरातींसाठी घडली. रस्त्यावरून जाणाऱ्याला दुरून वाचता यावे म्हणून टोकांच्या पट्ट्या, म्हणजे सेरिफ, मूळ रेघेइतक्याच जाड ठेवल्या गेल्या. पुढे अमेरिकेत डेरियस वेल्स यांनी १८२७ च्या सुमारास लाकडी अक्षरे यंत्राने कोरण्याची सोय केली आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या जाहिराती स्वस्तात छापता येऊ लागल्या. वापरून झिजलेल्या, टवके उडालेल्या त्या लाकडी खिळ्यांवर, म्हणजे अक्षरांच्या ठशांवर, शाई सारखी बसत नसे, आणि आजचे रांगडे फाँट नेमक्या त्याच खुणा मुद्दाम उतरवतात. खाकी कागद शाई पितो. त्यामुळे बारीक आकारात त्या खडबडीत कडा पसरून अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते. स्लॅब-सेरिफचे सगळेच प्रकार असे दांडगे नसतात, हेही सांगायला हवे: १८४५ चे क्लॅरेंडन सांध्यापाशी गोलाई असलेले, सौम्य आहे आणि कोशातले मुख्य शब्द उठून दिसावेत म्हणून ते पुष्कळ वापरले गेले. तुमच्या नावापुरते रांगडे वळण ठेवा, यादीला साधा, सेरिफ नसलेला फाँट घ्या.

अक्षरवेडा, बडोदा
देवनागरीला पाय लावू नयेत, असे माझे ठाम मत आहे. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे राहते, तर आपले अक्षर शिरोरेषेला लटकते. ती आडवी जाड पट्टी आपल्याकडे आधीच आहे. 'भाजणी'तल्या प्रत्येक कान्याखाली चौकोनी पाय काढून पाहा: शेजारचे काने एकमेकांना टेकू लागतात आणि शब्दाखाली दुसरी शिरोरेषा ओढल्यासारखी दिसते. पायांऐवजी वजन जुळवा. शिरोरेषा आणि काना यांची जाडी जवळपास सारखी असलेला ठळक देवनागरी फाँट निवडा आणि तो रोमनपेक्षा थोडा मोठा लावा, कारण मात्रा व उकार यांना वरखाली जागा लागते. ग्लेगू या मोफत फाँटमध्ये दोन्ही लिप्या आहेत, मात्र त्याचा स्वभाव शांत आहे, रांगडा नव्हे.

आणखी एक गोष्ट इंदूरमध्ये विशेष जपावी लागते. बऱ्याच फाँटांत 'ल' आणि 'श' आपोआप हिंदी वळणाचे उमटतात. तुमच्या दोन्ही नावांत ती अक्षरे आहेत. तेव्हा मजकुराची भाषा मराठी निवडून ती बदलतात का, हे फाँट ठरवण्याआधीच छापखान्यात तपासून घ्या.

भाजणीवाली, इंदूर
दोघांचेही मनापासून आभार. आमच्या नमुन्यात 'थालीपीठ'मधला 'ल' खरोखरच हिंदी वळणाचा आला आहे. तो दुरुस्त करून, पायांचा विचार सोडून, खाकी पिशवीवरच दुसरा नमुना काढून घेते.